अनुभव धागा : तुर्की पासपोर्टवर व्हिसाशिवाय प्रवास – कुठे, कसा आणि कोणत्या कागदांवर

नमस्कार मंडळी,

उन्हाळा जवळ आला की इस्तंबूलमधल्या ट्रॅव्हल एजंटांच्या काचांवर ‘व्हिसाशिवाय बाल्कन’, ‘व्हिसाशिवाय बातुमी’ (जॉर्जियातलं शहर) अशा पाट्या झळकू लागतात. शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाची, अपॉइंटमेंट मिळणं इतकं अवघड झालंय, की इथली माणसं कुठे जायचं ते ठरवण्याआधी कुठे जाता येईल ते बघतात. आपल्यापैकी कुणाचा जोडीदार तुर्की आहे, कुणाचे सहकारी, कुणाचे वर्गमित्र. त्यांच्यासोबत सीमा ओलांडताना काय विचारलं, कोणता कागद कामी आला, ते सविस्तर लिहा. नुसतं ‘ट्रिप छान झाली’ नको.

सुरुवात मी करते. माझे चुलतसासरे १९६१ च्या कामगार करारानंतर जर्मनीत कोलोनला गेले. त्यांना भेटायला माझे सासरे तरुणपणी नुसता पासपोर्ट खिशात घालून जात. ५ ऑक्टोबर १९८० पासून जर्मनीने तुर्कांना व्हिसा लावला आणि ते दिवस संपले. डिसेंबर २०१३ मध्ये युरोपीय संघाशी व्हिसामुक्तीची बोलणी सुरू झाली, ७२ अटी ठरल्या, त्यातल्या मोजक्या आजही अडून आहेत. तेवढ्यामुळे सासऱ्यांना पुतण्याच्या घरच्या लग्नाला जायचं तर बँकेचे हिशेब, पेन्शनचा दाखला, घराची कागदपत्रं, किमान ३०,००० युरोंचा विमा आणि ९० युरो शुल्क. आयुष्यभर कर भरलेल्या माणसाला आपण परत येणार आहोत हे सिद्ध करावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जुलै २०२५ पासून एक बरं झालंय : आधीचा व्हिसा नियमाप्रमाणे वापरला असेल, तर पुढचा टप्प्याटप्प्याने सहा महिने, एक वर्ष, तीन वर्षं असा मल्टिपल एंट्रीचा मिळू शकतो. म्हणून जुने पासपोर्ट टाकू नका, अर्जासोबत जोडा.

अंकाराहून

आमच्या घरात तीन जणांचे दोन नियम. नवरा सरकारी शिक्षक, वरच्या श्रेणीतला, म्हणून त्याच्याकडे हिरवा पासपोर्ट. त्याच्यामुळे मुलीलाही हिरवा मिळाला. त्यावर शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. सर्वसाधारण तुर्की नागरिकाच्या मरून, म्हणजे गडद लाल, पासपोर्टवर ती सोय नाही. आणि मी भारतीय पासपोर्टवाली, म्हणजे माझी रांग वेगळीच.

तुर्कस्तानातून निघताना हिरव्या पासपोर्टाबद्दल कुणाला सांगावं लागत नाही. परक्या देशातून युरोपात जाताना मात्र चेक-इनच्या काउंटरवरचा कर्मचारी ‘तुर्की ना, मग व्हिसा कुठाय?’ म्हणून अडतो. नवरा अशा वेळी शांतपणे सुपरवायझरला बोलवा म्हणतो आणि नियमाचा छापील कागद पुढे करतो. हातात तेवढा वेळ हवा, म्हणून आम्ही विमानतळावर नेहमीच लवकर पोचतो.

मुलगी आणि तिचा बाबा दोघंच अथेन्सला गेले, तेव्हा मी नोटरीकडे जाऊन संमतिपत्र करून दिलं, इंग्रजी भाषांतरासह. विचारलं कुणी नाही. तरी पुढच्या वेळीही करणार. एकट्या पालकासोबत मूल दिसलं की सीमेवरच्या अधिकाऱ्याने चौकशी करावी, हे मला योग्यच वाटतं.

ट्राब्झोनहून

इथे शिकतो. होपाच्या पुढे काळ्या समुद्राला लागून सार्पची सीमा आहे, पलीकडे जॉर्जिया. सीमारेषेने सार्प गावाचेच दोन भाग केलेत. कित्येक वर्षं एकाच कुळातली माणसं एकमेकांकडे जाऊ शकत नव्हती. १९८८ मध्ये दरवाजा उघडला. २०११ च्या अखेरीपासून तुर्की नागरिक इथून नुसत्या ओळखपत्रावर जातात, पासपोर्टसुद्धा लागत नाही. माझे वर्गमित्र शनिवारी सकाळी ठरवतात आणि दुपारी बातुमीत जेवतात. मला आधी व्हिसा काढून, तारीख धरून जावं लागतं.

लक्षात ठेवण्यासारखं :
- गाडीत फक्त चालक बसतो, बाकीच्यांनी उतरून इमारतीतून चालत जायचं. सामान घेऊन बराच मोठा पट्टा आहे, म्हाताऱ्या माणसांचा विचार करा.
- गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर नोटरीचं अधिकारपत्र लागतं.
- तुर्की नागरिकाला देशाबाहेर पडायचा कर भरावा लागतो, ओळखपत्रावर निघालात तरी. ऑगस्ट २०२४ मध्ये तो १५० वरून ५०० लिरा झाला, नंतर आणखी वाढला. मोबाइलवर आधीच भरून टाका. आपल्याला, परदेशी लोकांना, तो नाही.
- १ जानेवारी २०२६ पासून जॉर्जियात पर्यटकाला आरोग्य विमा बंधनकारक आहे, किमान ३०,००० लारींचा (लारी हे तिथलं चलन).

ओळखपत्रावर गेलेल्यांनी पुढचे बेत आखू नयेत. आमच्यातल्या एकाला तिबिलिसीहून येरेवान करायचं होतं. आर्मेनियाला पासपोर्ट हवाच. दुसऱ्याचा बेत रस्त्याने बाकूचा. अझरबैजान तुर्कांना ओळखपत्रावर घेतो हे खरं, पण त्याच्या जमिनीवरच्या सीमा २०२० पासून प्रवाशांना बंद आहेत, विमानानेच जावं लागतं. ‘व्हिसा लागत नाही’ आणि ‘या वाटेने जाता येतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इझमीरहून

चेश्मेच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर ग्रीसचं कीऑस बेट दिसतं. बोटीने अर्धा-पाऊण तास. सासूबाईंचे आजोबा लेस्बोस या ग्रीक बेटावरचे, १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या-अदलाबदलीत इकडे आलेले. ते घर होतं ते गाव बघायची त्यांची फार इच्छा होती आणि व्हिसाच्या नावाने त्या दरवेळी मागे हटायच्या. २०२४ च्या वसंतापासून ग्रीसने काही बेटांवर तुर्कांसाठी सात दिवसांचा झटपट व्हिसा सुरू केला, तेव्हा आम्ही आयवालिकहून बोट धरली.

हा व्हिसामुक्त प्रवेश नव्हे. बोटकंपनीमार्फत कागद आधी पाठवावे लागतात : फोटो, विमा, हॉटेलचं बुकिंग, बँकेचा तपशील. बेटावर उतरल्यावर बोटांचे ठसे आणि शिक्का. त्या बेटावरून अथेन्सला जायची परवानगी नाही. सासूबाईंचं बँक खातं साधं पेन्शनचं. सोबत मुलाचं हमीपत्र जोडलं. गावात पोचल्यावर घर सापडलं नाही, गल्ली सापडली. तिथल्या एका आजींनी आम्हाला आत बोलावून कॉफी दिली. त्यांचे वडील आयवालिकचे होते.

चाकणहून

आमचं काम गाड्यांच्या सुट्या भागांचं, भागीदार बुर्साचे. दोन्हीकडच्या लोकांना आठवडाभर एकत्र बसायचं होतं. त्यांना भारताचा व्हिसा लागतो. आपल्याला तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो तो हाती अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा वैध व्हिसा किंवा रहिवास परवाना असेल तरच, आणि आमच्या शॉपफ्लोअरवरच्या पोरांकडे तो कुठला! शेवटी क्वालालंपूर ठरवलं. मलेशियात तुर्कांना ९० दिवस, भारतीयांना ३० दिवस व्हिसा नाही. आगमनाचा डिजिटल फॉर्म पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा, तो सगळ्यांकडून एकत्र बसून भरून घेतला. एका तुर्की इंजिनिअरच्या पासपोर्टाची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी उरली होती. यादी करतानाच ते दिसलं आणि त्याने नवा काढला.

इस्तंबूलहून, बाल्कनबद्दल

सर्बिया, बोस्निया, उत्तर मॅसेडोनिया, अल्बानिया, कोसोव्हो : मरून पासपोर्टला सगळीकडे व्हिसा माफ. नकाशात बघितलं तर वाटतं, गाडी काढावी आणि निघावं. पण मध्ये बल्गेरिया किंवा ग्रीस येतोच, दोन्ही शेंगेनमध्ये. बल्गेरिया तर जानेवारी २०२५ पासून रस्त्यानेही पूर्ण आत. म्हणून व्हिसाशिवायच्या बाल्कन टूर विमानाने स्कोप्ये, बेलग्रेडसारख्या शहरांत उतरतात आणि तिथून बस.

क्रम महत्त्वाचा. कोसोव्होत दुसऱ्या देशातून शिरलात आणि तिथून थेट सर्बियात जायला लागलात तर सर्बिया घेत नाही, कारण सर्बिया कोसोव्होला आपलाच भाग मानतो आणि त्यांच्या लेखी तुमचा प्रवेश झालेलाच नसतो. आम्ही बेलग्रेड आधी घेतलं, मग बोस्नियातलं सारायेवो, मोस्तार, आणि कोसोव्होतलं प्रिझ्रेन शेवटी. १५६६ चा मोस्तारचा पूल युद्धात पडला आणि २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. जाऊबाई त्यावरून हलेनात. प्रिझ्रेनमध्ये तुर्की बोलणारी वस्ती आहे, तिथे सगळ्यांनाच घरी आल्यासारखं झालं.

बोस्नियाच्या सीमेवर दिराला परतीचं तिकीट, हॉटेल आणि पैसे दाखवायला सांगितलं. सगळं छापून फाइलमध्ये होतं, दोन मिनिटांत सुटका. सीमेवर फोनला नेटवर्क असेलच असं नाही. माझ्या भारतीय पासपोर्टवर मल्टिपल एंट्री शेंगेन होता, त्यावर सर्बिया आणि बोस्निया दोन्ही झाले. ज्यांचं येणंजाणं जास्त आहे त्यांनी ई-देवलेत या सरकारी पोर्टलवरून प्रवेश-निर्गमनाचा उतारा काढावा, ९० दिवसांचा हिशोब त्यावरून लागतो.

मॉन्टेनेग्रोबद्दल आवर्जून सांगते. तिथेही व्हिसा नव्हता. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस पोडगोरिकातल्या एका हाणामारीनंतर तो व्हिसामुक्त प्रवेश काही दिवसांत स्थगित झाला. नणंदेचं तिथल्या कोटोरचं बुकिंग झालेलं होतं. तिने ते सोडून तिरानाचं तिकीट घेतलं आणि आठवडा अल्बानियात काढला. आता ती तिकीट काढण्याआधी तुर्की परराष्ट्र मंत्रालयाची यादी बघते आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा. कोटोर तिला अजून करायचंच आहे. तिथे अलीकडे कुणी गेलं असेल तर सीमेवर काय विचारलं ते खाली लिहा.