मदत हवी आहे: कमी केलेलं वजन टिकत नाहीये, मनाचं काय करू?

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, वय 43. मागच्या वर्षी डाएट करून 14 किलो उतरवले आणि आता त्यातले 6 परत आलेत. काय खायचं ते मला पाठ आहे, अडचण डोक्यात आहे. म्हणजे रविवारी पोहे-जलेबी झाली किंवा पाहुण्यांबरोबर सराफ्यात (इथला रात्रीचा खाऊबाजार) जाऊन गराडू (तळलेला कंद) खाल्ले की मनात येतं, आता मोडलंच ना, मग सोमवारपासून बघू, आणि तो सोमवार तीन आठवडे येतच नाही. सासूबाई आजारी होत्या तेव्हा तर रात्री सगळे झोपले की मी शेवेचा डबा घेऊन बसायचे, भूक नसायची, नुसता ताण.

वाचलं की वजन उतरल्यावर पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन हार्मोन कमी होतं, भुकेचं घ्रेलिन वाढतं आणि हे वर्षभरानंतरही राहू शकतं. ते कळल्यावर स्वतःला कमजोर म्हणणं थोडं थांबलं. अमेरिकेत 1994 पासून वजन टिकवलेल्या लोकांची नोंद ठेवतात, त्यातले बरेच जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात म्हणे. पण मला काट्यावर उभं राहायचीच भीती वाटते, आकडा वाढला की दिवसभर रडू येतं.

ज्यांनी दोन-तीन वर्षं टिकवलंय त्यांनी प्लीज सांगा, एकदा घसरल्यावर दुसऱ्याच जेवणाला परत कसं येता? ताणात खाण्याऐवजी काय करता? यासाठी काउन्सेलरकडे कोणी गेलंय का, फरक पडला का? डाएट चार्ट नकोत, ते खूप आहेत माझ्याकडे.