मदत हवी आहे: सेसना विमानाच्या कापडी पॅनलवर प्लॅकार्डं (सूचनांच्या पाट्या) पक्की कशी बसवायची?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात एका हँगरमध्ये एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) साहेबांच्या हाताखाली काम करतो. आमच्या जुन्या सेसना १७२ चं इंटिरिअर नुकतंच नवं झालं. प्लास्टिकची पॅनलं तडकली होती, त्या जागी पातळ अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा, त्यावर फोम आणि वरून लवदार कापड अशी पॅनलं आली. कापडाच्या ज्वलन चाचणीचे कागद आहेत, तो विषय मिटला. अडलंय प्लॅकार्डांपाशी.

प्लास्टिकवर स्टिकर वर्षानुवर्षं टिकायचे. कापडावर गोंद फक्त वरच्या लवेला धरतो, खाली पोचतच नाही. चांगल्यातली डबल टेप लावली तरी सकाळी घट्ट, दुपारी कोपरे वर. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हात उभ्या विमानाच्या बंद केबिनमध्ये तर सीटबेल्टच्या बकलाला हात लावता येत नाही. तिथे गोंद मऊ पडणारच.

मला सगळ्यात जास्त काळजी सामानाच्या जागेतल्या प्लॅकार्डाची आहे. आमच्या मॅन्युअलप्रमाणे सामानाच्या दाराच्या कडीपुढे १२० पौंड, कडीमागे ५० पौंड, आणि दोन्ही मिळूनही १२० च. म्हणजे एकूण साधारण ५४ किलो, पण शेपटीकडे फक्त २३. तिथे जास्त भरलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल तुटल्यावर, विमान सावरणं अवघड होतं. बॅग ठेवणारा माणूस मॅन्युअल उघडून बघत नाही, त्याला दिसतं ते हे कार्ड. ते गळून सीटखाली गेलं तर सांगणारं कोणीच नाही.

काँटॅक्ट अ‍ॅडेसिव्ह नको वाटतं. ते कापडात झिरपून डाग पडतो, आणि पास झालेल्या कापडावर वेगळंच ज्वालाग्राही रसायन चढतं. शिवून घ्यावं तर कापड आधीच ताणून बसवलंय. स्क्रू मारावेत तर पॅनलमागून वायरी आणि कंट्रोल केबल जातात. कोणी हे काम प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

रिव्हेटवाला:
पत्र्याचं प्लॅकार्ड करा, अर्ध्या मिलिमीटरचं, कोपरे गोल घासलेले. पॅनल विमानातून काढून टेबलावर घ्या, जागेवर भोक पाडूच नका. आणि ड्रिल थेट कापडावर चालवू नका, बिटमध्ये धागा गुंडाळला की सगळी वीण ओढली जाते. आधी आरीनं धागे बाजूला सारा, त्यात पितळी नळीचा तुकडा उभा धरा आणि नळीतून ड्रिल चालवा. मागून वॉशर देऊन पॉप रिव्हेट. फोम दबेल इतपतच ओढ द्या, नाहीतर कापडाला चुण्या पडतात. परत बसवताना रिव्हेटची शेपटी केबलला किंवा वायरीला घासत नाही ना, हे टॉर्च लावून बघा.

सोनेगाव_०७:
पण भाऊ, कापडावरच लावायचा हट्ट काहून? मॅन्युअलच्या दुसऱ्या भागात, मर्यादांच्या प्रकरणात, प्रत्येक प्लॅकार्डाची जागा दिलेली असते. तुमच्या मॅन्युअलमध्ये नुसतं ‘सामानाच्या जागेत’ असं असेल, तर दाराच्या रंगवलेल्या धातूच्या चौकटीवर लावा. सामान ठेवताना नजर तिथेच जाते. साहेबांना आधी दाखवा, लॉगबुकात नोंद घ्या. मजकूर मात्र शब्दाला शब्द मॅन्युअलमधला. मराठीत सूचना हवी असेल तर वेगळी लावा, त्याच्या बदल्यात नाही.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. चौकटीचं साहेबांना विचारतो, मला ते एकदम पटलं. दाराच्या हँडलजवळचं उघड-बंद-लॉकचं कार्ड मात्र हलवता येणार नाही, तिथे रिव्हेटच. नळीची युक्ती आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघतो. आता एकच: पत्र्यावर कोरलेली अक्षरं हवीत, छापलेली घामाच्या हातांनी पुसतात. इतकं बारीक काम, तेही दोन-चार नगांचं, नागपुरात कोण करून देतं?

रिव्हेटवाला:
दाराच्या पाट्या करणाऱ्या कोणाकडेही लेझर मशीन असलं की काम होतं. काळं अ‍ॅनोडाइज केलेला पत्रा न्या, लेझरनं अक्षरं पांढरी उठतात. जुनं कार्ड सोबत न्या, अक्षरांची उंची त्यापेक्षा कमी होऊ देऊ नका.