प्लॅटिनमवरून कार्बन मोनॉक्साइड सुटताना शिखर इतकं टोकदार का?

प्रश्न:
मंडळी, प्लॅटिनमच्या पृष्ठभागावरून कार्बन मोनॉक्साइड सुटण्याचं कायनेटिक मॉन्टे कार्लो मॉडेल (घटना त्यांच्या वेगानुसार यादृच्छिकपणे निवडत पुढे जाणारा प्रोग्राम) लिहितेय. जाळीवरची जागा एकतर रिकामी, नाहीतर भरलेली. सुटायची ऊर्जा १.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, सुटायच्या प्रयत्नांची वारंवारिता सेकंदाला १०¹³. तापमान चढवत नेलं की सुटण्याच्या वेगाच्या आलेखात एकच टोकदार शिखर येतं. प्रयोगातलं मात्र पसरट, आणि पृष्ठभाग गच्च भरलेला असेल तर बऱ्याच खालच्या तापमानाला सुरू होणारं. सर म्हणाले, जाळी मोठी कर. केली. आलेख गुळगुळीत झाला, शिखर जागचं हललं नाही.

उत्तर १:
जाळी बिचारी काय करणार! तुमचे रेणू शेजाऱ्याची दखलच घेत नाहीत. रेणू पृष्ठभागावर कसे चिकटतात याचा सिद्धांत मांडताना लँगम्यूरने १९१८ मध्ये तसंच धरलं होतं, पण इथे दाटी झाली की रेणू एकमेकांना ढकलतात. दर भरलेल्या शेजाऱ्यामागे सुटायची ऊर्जा थोडी कमी करा.

उत्तर २:
सहमत. शिवाय खऱ्या पृष्ठभागावर अणूंच्या थरांच्या कडा, म्हणजे पायऱ्या असतात आणि तिथे रेणू जास्त घट्ट बसतो, म्हणून शिखराला जास्त तापमानाच्या बाजूला शेपूट. आणखी एक: तुमच्याच आकड्यांनी ५०० केल्विनला रेणूचा मुक्काम साधारण १३ सेकंद, ३०० ला हजारेक वर्षं! तेवढ्यात तो एका जागेवरून शेजारच्या जागेवर असंख्य उड्या मारतो. प्रत्येक उडी मोजत बसलात तर प्रोग्राम दिवाळीपर्यंत चालेल.

प्रश्नकर्ती:
शेजाऱ्यामागे ०.०५ इलेक्ट्रॉन व्होल्ट वजा करून पाहिलं. शिखर पसरलं, खालीही सरकलं. पायऱ्या आता घालते. उड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवला तर चालेल का?

उत्तर २:
चालेल, सुटण्यापेक्षा बराच जास्त राहील एवढं बघा.