मदत हवी आहे: हृदयात पंप, आयएनआर खाली आणि वीस मिनिटं वाचा गेली

बाबांना (वय ६३) एलव्हॅड (हृदयाला रक्त ढकलायला मदत करणारा पंप) बसवून चौदा महिने झाले. पंप हार्टमेट ३. तब्येत चांगली सुधारली होती, जिना न थांबता चढायला लागले होते. गेल्या मंगळवारी सकाळी नेहमीसारखे बॅटरी बदलायला बसले. हे काम त्यांनी आजवर कुणाला करू दिलेलं नाही. आई म्हणाली, "अगं, इकडे ये जरा." बघते तर बाबा भरलेली बॅटरी उजव्या हातात धरून नुसते तिच्याकडे बघतायत. कुठे जोडायची तेच आठवत नव्हतं. काय झालं विचारलं तर "ती... ते... ती..." एवढंच. मग बॅटरी हातातून निसटली. दुसरी जोडलेलीच होती म्हणून बरं.

वीस मिनिटांत बोलणं, हात, सगळं पूर्ववत. तरी तसंच दवाखान्यात नेलं. सीटीत काही दिसलं नाही. टीआयए म्हणाले, म्हणजे येऊन गेलेला छोटा झटका. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप; कमी म्हणजे गुठळीची भीती) १.६ निघाला, हवा २ ते ३. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनचा डोस वाढवून तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. तेव्हापासून मला झोप नाही.

मी वाचलं की मोमेंटम ३ नावाच्या मोठ्या चाचणीत (१०२८ रुग्ण) दोन वर्षांत पक्षाघात झालेल्यांचं प्रमाण जुन्या हार्टमेट २ वर १९.४ टक्के होतं, हार्टमेट ३ वर ९.९. निम्मं झालं, खरं आहे. पण दहातला एक आमच्याच घरात असला तर त्या निम्म्याचं काय करू?

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सहा महिन्यांपूर्वी नाकातून सारखं रक्त येत होतं म्हणून अ‍ॅस्पिरिन बंद केली, फक्त वॉरफेरिन ठेवलं. काका ठामपणे म्हणतात, अ‍ॅस्पिरिन असती तर हे झालंच नसतं. डॉक्टर म्हणतात, आत्ता नको. कुणाचं ऐकू?

दुसरं, बीपी. घरचं मशीन सहा वेळा एरर दाखवतं आणि सातव्यांदा ११२ असा एकच आकडा देतं. त्यावर विश्वास ठेवायचा का?

(मागच्या महिन्यात पोटावर ड्राइव्हलाइनच्या (पंपाची वायर बाहेर येते त्या) जागी ओलसर व्हायचं, त्यासाठी दोन आठवडे अँटिबायोटिक झालं. तेव्हा आयएनआर ४.१ वर गेला म्हणून वॉरफेरिन कमी केलं होतं. आपलं माहितीसाठी.)

– उंबरठा

*

उंबरठाताई, तुम्ही कंसात टाकलंय तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मी डॉक्टर नाही. हिला पंप बसून चार वर्षं झाली, ड्रेसिंग मीच करतो. आधी तुमच्या आयएनआरचा माग काढू. बरीच अँटिबायोटिक्स वॉरफेरिनचा जोर वाढवतात, म्हणून तो ४.१ वर गेला. डोस कमी केला, तेही बरोबर. मग अँटिबायोटिक संपलं, वाढलेला जोर ओसरला, पण डोस कमीच राहिला. आयएनआर १.६ वर यायला आणखी काय हवं? कोर्स संपल्यावर तो लगेच पुन्हा तपासला होता का, वहीत बघा. आमच्याकडे कुठलंही नवं औषध सुरू झालं किंवा बंद झालं की चार-पाच दिवसांत तपासणी, हा नियम आम्ही एकदा हात पोळल्यावर केला.

आता ओलसरपणा. ड्राइव्हलाइनचा संसर्ग कातडीपाशी थांबला तर ठीक. जंतू रक्तात उतरले तर पंपावर गुठळी धरायला निमित्त मिळतं, शिवाय मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होऊन तिथे रक्तस्रावही होऊ शकतो. म्हणजे एकाच कारणातून दोन्ही प्रकारचे झटके. ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का याची तपासणी) केलं का, हे विचाराच. केलं नसेल तर करा म्हणून धरून बसा.

अ‍ॅस्पिरिनबद्दल काकांची भावना समजते, आम्हीही तसंच म्हणायचो. पण २०२३ मध्ये एरीस नावाच्या चाचणीचा निकाल आला. ती हार्टमेट ३ वरच्याच रुग्णांवर होती. निम्म्यांना वॉरफेरिनसारख्या गोळीबरोबर १०० मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. अ‍ॅस्पिरिन नसलेल्या गटात गुठळ्यांचा त्रास वाढला नाही, रक्तस्राव मात्र तिसऱ्या हिश्शाने कमी झाला. ज्यांना स्टेंट वगैरे दुसऱ्या कारणासाठी अ‍ॅस्पिरिन लागतेच त्यांना त्यात घेतलं नव्हतं, त्यामुळे बाबांना स्टेंट असेल तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगा. पंप रक्तातला एक लांब धाग्यासारखा प्रथिनाचा रेणू तोडत राहतो, त्यामुळे या लोकांचं रक्त मुळातच सहज वाहतं. नाकातून येत होतं ते त्यातलंच असू शकतं. झटका आल्यावर काही डॉक्टर विचारपूर्वक ती पुन्हा सुरू करतातही. पण तो निर्णय त्यांचा, काकांचा नाही.

– ड्रेसिंगवाला

*

बीपीबद्दल लिहिते. मी अशा रुग्णांच्या ओपीडीत काम केलंय. पंप रक्त जवळजवळ अखंड ढकलतो, नाडी हाताला लागत नाही, आणि साधं मशीन ठोके शोधतं. म्हणून एरर. तो ११२ वरचा आकडा की सरासरीचा, कुणालाच सांगता येणार नाही. सोडून द्या.

खरी पद्धत डॉपलरची. दंडावर पट्टी फुगवायची, कोपराच्या खळग्यात जेल लावून डॉपलरचं पेन (रक्ताचा प्रवाह आवाजात ऐकवणारं) टेकवायचं आणि हवा सोडताना "हुश्श" आवाज परत येईल तो आकडा लिहायचा. सहसा ९० च्या खाली हवा, नेमकी मर्यादा तुमचे डॉक्टर ठरवतील. एकदा शिकलात की घरी जमतं. लोक आयएनआरची वही जपतात आणि बीपी विसरतात, याचा मला राग येतो. एचव्हॅड या पंपावर झटके जास्त, २०२१ मध्ये त्याची विक्रीच थांबवली. पण त्याच पंपावर बीपी काटेकोर सांभाळल्यावर मेंदूतला रक्तस्राव निम्म्यावर आला होता.

आणि पुन्हा असं झालं तर वीस मिनिटं बघत बसू नका. शेवटचं नीट बोलले ती वेळ लिहा, जादा कंट्रोलर (पंप चालवणारी बाहेरची पेटी) आणि बॅटऱ्या उचला, निघा. तिथे पहिल्या वाक्यात पंप आहे हे सांगा: एमआरआय चालत नाही, सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचं सीटी) करा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन या लोकांना बहुधा देता येत नाही, पण मोठी नस अडली असेल तर तारेने गुठळी ओढून काढता येते. ती सोय असलेला दवाखाना आजच ठरवून ठेवा.

– आवाजाची_खूण

*

दोघांचे आभार. वही काढली. अँटिबायोटिक संपल्यावर अकरा दिवस आयएनआर तपासलाच नव्हता. कल्चर झालेलं नाही. उद्या सकाळची वेळ घेतलीय, ड्रेसिंगचे फोटोही नेतेय. स्टेंट नाही. डॉपलरचं तिथेच शिकवा म्हणून सांगणार आहे.

बाबांना बॅटरी बदलताना कुणी शेजारी उभं राहिलेलं अजिबात चालत नाही. मी दाराबाहेर उभी राहते आणि दोन्ही क्लिक मोजते.

– उंबरठा