आयएमडीच्या पावसाच्या ग्रिडचा गोषवारा कोडने कसा काढायचा? (सरासरी उणे सातशे येतेय!)

दहिवडीकर

नमस्कार. हवामान खात्याच्या (आयएमडी) पुण्याच्या साइटवरून रोजच्या पावसाची पाव अंशाची ग्रिड (अक्षांश-रेखांशांच्या जाळीवर मांडलेले आकडे) उतरवून घेतली आहे, २००५ सालची. एक्स्टेन्शन जीआरडी. माण तालुक्याच्या पावसावर एमएस्सीचा प्रकल्प चालू आहे. नकाशांना हात घालण्याआधी फाइलमध्ये काय आहे एवढंच बघायचंय: कुठून कुठपर्यंत, किती रांगा, किती स्तंभ, किमान, कमाल, सरासरी. पायजीएमटी या पायथनच्या नकाशा-लायब्ररीतल्या ग्रिडइन्फोला (ग्रिडचा गोषवारा देणारं फंक्शन) फाइल दिली तर ती त्याला ओळखताच येत नाही. जीडाल या नकाशा-फाइली वाचणाऱ्या संचातल्या जीडालइन्फोचंही तेच. शेवटी नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीने आकडे वाचले, तर किमान उणे ९९९ आणि सरासरी उणे सातशेच्याही खाली. पाऊस उणे कसा असेल? फाइल खराब उतरली का?

फोरट्रान_आजोबा

फाइल ठणठणीत असणार. नावावर जाऊ नका. जीएमटीवालेही (पायजीएमटीच्या मागचं मूळ सॉफ्टवेअर) आपल्या ग्रिडला जीआरडी म्हणतात आणि आपलं खातंही म्हणतं, बाकी दोघांचा काडीचा संबंध नाही. जीएमटीची फाइल सहसा नेटसीडीएफ प्रकारची असते, तिच्या मथळ्यात (सुरुवातीच्या माहितीत) हद्द, अंतर, किमान-कमाल सगळं लिहिलेलं असतं. ग्रिडइन्फो ते वाचून दाखवतो. खात्याच्या फाइलला मथळाच नाही. चार-चार बाइटचे आकडे एकामागून एक, बस्स. मथळा तुमच्या डोक्यात हवा.

तो असा: रेखांश ६६.५ ते १००, म्हणजे १३५ बिंदू. अक्षांश ६.५ ते ३८.५, म्हणजे १२९ बिंदू. दिवस ३६५. गुणाकार करून चारने गुणा: २,५४,२५,९०० बाइट. लीप वर्षाची फाइल २,५४,९५,५६० बाइटची. आधी फाइलचा आकार बघा. जुळला तर उतरवताना काही तुटलेलं नाही.

उणे ९९९ म्हणजे 'इथे आकडा नाही'. समुद्र, शेजारचे देश, सगळं त्यातच. १७,४१५ बिंदूंपैकी भारताच्या जमिनीवरचे जेमतेम पाच हजार, त्यामुळे सरासरी उणे सातशेच्या खाली जाणारच. आधी मास्क करा (ते बिंदू हिशेबातून वगळा), मग सरासरी काढा.

आता खरी मेख. रीशेप करताना (सलग आकडे दिवस, अक्षांश, रेखांश असे मांडताना) क्रम ३६५, १२९, १३५ असाच द्या. १३५ आणि १२९ ची अदलाबदल झाली तरी गुणाकार तोच, नमपाय हूं की चूं करणार नाही. किमान, कमाल, सरासरी, सगळं तंतोतंत बरोबर येईल आणि नकाशा मात्र तिरका फाटलेला. नुसत्या गोषवाऱ्यावर विसंबणाऱ्यांना हे कधीच कळत नाही.

दुसरं, पहिली रांग दक्षिणेची. ६.५ पासून सुरू होऊन वर उत्तरेला जाते. याची परीक्षा घ्यायला तुमच्याकडे नेमकं २००५ चं साल आहे. २६ जुलैचा मुंबईचा पाऊस शोधा. पण २६ तारखेत नको, २७ तारखेत. खात्याचा 'दिवस' सकाळी साडेआठला संपतो आणि पाऊस संपणाऱ्या तारखेवर मांडतात. २७ जुलै म्हणजे वर्षाचा २०८ वा दिवस, शून्यापासून मोजलं तर २०७. त्या दिवसाची कमाल किंमत कुठल्या रांगेत आणि स्तंभात आहे ते आर्गमॅक्सने काढा. रांग ५० च्या, स्तंभ २५ च्या आसपास आला तर १९ उत्तर, ७२.७५ पूर्व, म्हणजे मुंबई. उत्तर-दक्षिण उलटी धरली असेल तर तोच पाऊस २६ अंशांवर जाईल, जोधपूरच्या खाली. राजस्थानात एवढा पाऊस दिसला की समजा काय झालंय ते.

सांताक्रुझचे ९४४ मिलिमीटर मात्र ग्रिडमध्ये शोधू नका. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ च्या आसपास होता, आणि दोन्ही ठिकाणांतलं अंतर ग्रिडच्या एका खान्याच्या उंचीएवढंही नाही. ग्रिड आसपासच्या केंद्रांवरून काढलेली असते, टोकं बोथट होणारच.

नकाशेवाली

आजोबांनी अर्धं काम केलंच आहे, उरलेलं सांगते. मास्क केलेला एका दिवसाचा थर एक्सअरे लायब्ररीच्या डेटाअरेमध्ये अक्षांश-रेखांशासह गुंडाळा. गहाळ जागी नॅन ('आकडा नाही' ची खूण). तोच डेटाअरे थेट पायजीएमटीच्या ग्रिडइन्फोला देता येतो. पर_कॉलम दिलं की सगळं एका ओळीत मिळतं, ३६५ दिवसांचा लूप लावून तक्ता करायला सोयीचं. फोर्स_स्कॅनला २ दिलं तर सरासरी आणि प्रमाण विचलन, १ दिलं तर मध्यक. मिनमॅक्स_पॉस लावलं तर कमाल-किमान कुठे आहेत ते आणि नॅन किती आहेत तेही. आर्गमॅक्सची झटापट वाचते.

एक सांभाळा: हे आकडे बिंदूंवरचे आहेत, जीएमटीच्या भाषेत ग्रिडलाइन नोंदणी. जीडालला मात्र खान्याचा कोपरा लागतो. जिओटिफ (नकाशावर बसणारी चित्रफाइल) करताना डावा-वरचा कोपरा ६६.३७५ आणि ३८.६२५ द्या. ६६.५ दिलात तर अख्खा देश अर्धा खाना सरकतो, म्हणजे साधारण चौदा किलोमीटर. क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये डोळ्यांना पटकन दिसतही नाही.

फोरट्रान_आजोबा

अर्ध्या खान्याचं बरं काढलंत. माणच्या बाबतीत तर ते फारच महागात पडेल. पाव अंशाचा खाना तिथे सातशे चौरस किलोमीटरच्या पुढचा, म्हणजे अख्ख्या तालुक्यात मोजून दोन-तीन खाने बसणार. तालुक्याचं 'प्रमाण विचलन' वगैरे प्रबंधात छापू नका, बाईंनी किंवा सरांनी विचारलं तर पंचाईत होईल. सबंध राज्याची सरासरी काढाल तेव्हा अक्षांशाच्या कोसाइनने वजन द्या. दक्षिण टोकाचा आणि उत्तर टोकाचा खाना यांच्या क्षेत्रफळात तीन-चार टक्क्यांचा फरक पडतो. छोटा आहे, पण एका ओळीचं काम आहे.

दहिवडीकर

आकार जुळला, २,५४,२५,९०० च. २७ जुलैची कमाल मुंबईकडेच आहे, जोधपूर कोरडं! माणसाठी दहिवडीचा खाना रांग ४५, स्तंभ ३२ धरला. पडताळ्यासाठी महाबळेश्वरचाही काढला, रांग ४६, स्तंभ २९. तीन स्तंभांत वर्षाची बेरीज इतकी कोसळते की सह्याद्री आकड्यांतच दिसतो. आता तापमानाची फाइल घेणार आहे. तिलाही हाच कोड चालेल ना?

फोरट्रान_आजोबा

नाही. ती एक अंशाची, ३१ गुणिले ३१, सुरुवात ७.५ उत्तर आणि ६७.५ पूर्व. गहाळ किंमत उणे ९९९ नाही, ९९.९ आहे. ही जास्त लबाड, कारण सरासरी सत्तरच्या वर आली तरी माणूस आधी एककावर संशय घेतो. ९९.९ शी बरोबरी तपासत बसू नका, दशांशाच्या आकड्यांत ती कधी दगा देईल सांगता येत नाही. ९० च्या वरचं सगळं सरसकट मास्क करा.