नार्वेतलं राजांगणाचं जुनं घर घ्यायचं म्हणतोय, टोकन देण्याआधी काय काय बघू?

पर्वरीकर
नमस्कार मंडळी. मी आणि बायको पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो, नोकऱ्या दोघांच्याही पणजीत. बरेच दिवस जुनं घर शोधत होतो आणि आता डिचोली तालुक्यात नार्वेला एक मिळालंय, नदीपासून फार लांब नाही. चिऱ्याचं घर, जोडाई मातीची, मधे राजांगण म्हणजे उघडा चौक, त्यात तुळस, भोवती लाकडी खांब, पुढे लांबलचक सोपो म्हणजे ओसरी, वर मंगलोरी कौलं, मागे विहीर आणि थोडे माड-पोफळी. बघताक्षणी दोघंही गप्पच झालो इतकं आवडलं.
आता दुसरी बाजू. घर कित्येक वर्षं बंद आहे, मागच्या दोन खोल्यांचं छप्पर खाली बसलंय, आणि पुढच्या खोल्यांना कुणीतरी मधे सिमेंटचा गिलावा केलाय त्यावर जमिनीपासून कंबरेपर्यंत ओल आणि पांढरी भुकटी आलीय. मालक म्हणजे भाऊ-बहिणी मिळून बरेच जण आहेत, एक इथे, बाकीचे मुंबईला, एक पोर्तुगालला. ब्रोकर म्हणतो दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, या आठवड्यात टोकन द्या. बाबा म्हणतात पाडून स्लॅबचं बांध, कटकट नको. मला ते पाडायचं नाहीये पण पैशाला मर्यादा आहे. नेमकं काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने, ज्यांनी असं काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

म्हापशाची वकील
दादा, पहिली गोष्ट, टोकन थांबवा. दुसरं गिऱ्हाईक असेल तर असू दे.
गोव्यात जुन्या घराचं घोडं भिंतीपाशी नाही, सह्यांपाशी अडतं. आपल्याकडे 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेली वारसा पद्धत चालते, आता ती 2012 च्या गोवा वारसा कायद्यात आलीय आणि तो 2016 पासून लागू आहे. त्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. म्हणजे सहा भावंडं मालक असतील तर सह्या सहा नाही, त्यांच्या नवऱ्या-बायकोच्या धरून बारा लागतील, आणि त्यातलं कुणी गेलं असेल तर त्याच्या मुलांच्या. आईवडील वारल्यावर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्तेची रीतसर वाटणी, झालीय का, झाली असेल तर हे घर कुणाच्या वाट्याला आलं, तो कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नुसतं ‘आमची सगळ्यांची संमती आहे’ असं तोंडी सांगितलं तर त्याला काही अर्थ नाही. पोर्तुगालवाल्या भावाचं मुखत्यारपत्र लागेल, ते रीतसर झालेलं हवं.
मग एक-चौदाचा उतारा (जमिनीवर कुणाचे हक्क आहेत त्याची सरकारी नोंद) काढा आणि सर्व्हे प्लॅन, त्यावर घर दाखवलंय का ते बघा. उताऱ्यात मालकांशिवाय कुणाचं नाव कुळाच्या रकान्यात किंवा इतर हक्कात आलंय का ते नीट वाचा. आवाराच्या कोपऱ्यात कुणी राहतं का तेही विचारा, कारण मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा, असेल तर 1975 च्या कायद्याने त्याला तिथून हलवता येत नाही, उलट त्याच्या घराची जागा विकत घ्यायचा हक्क त्याला आहे, आणि तो हक्क त्याचा आहे हे मनाने मान्य करूनच पुढे जा. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, ब्रोकर लोक तीच पहिली पुढे करतात.
नदीजवळ म्हणालात म्हणून एक. मांडवीला तिथपर्यंत भरतीचं पाणी येतं, त्यामुळे सीआरझेड, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामाचे नियम, लागू शकतं. काठापासून ठरावीक अंतराच्या पट्ट्यात नवीन बांधायला बंदी असते पण असलेलं अधिकृत घर आहे त्याच जोत्यावर दुरुस्त करता येतं. तेव्हा बाबांना सांगा, तुमची जागा त्या पट्ट्यात निघाली तर पाडणं म्हणजे हातचं घर घालवणं.

कौलारू
वरचं सगळं बरोबर. मी सत्तरीत आजोबांचं घर दुरुस्त करून घेतलंय, त्याच्यावरून लाकूड आणि पाण्याचं सांगतो.
एखादा म्हातारा मेस्त (जुन्या घरांचा कारागीर) बरोबर घेऊन जा, त्याला दिवसाची मजुरी द्या, त्याच्याइतकं घर कुणाला वाचता येत नाही. माळ्यावर चढा. बॅटरी आणि जाड स्क्रू ड्रायव्हर बरोबर असू दे. तुळई मधे कशी दिसते ते बघू नका, तिथे ती नेहमी चांगलीच दिसते, ती भिंतीत जिथे घुसते तिथलं टोक टोचून बघा. वरून तेलपाणी केलेलं काळं चकचकीत लाकूड असतं आणि स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत जातो, आतून तपकिरी भुसा गळतो. वाळवी भिंतीतल्या मातीतूनच वर येते त्यामुळे टोकं आधी जातात. सगळी टोकं टोचून त्यातली किती गेली ते वहीत लिहा, तुमचं अर्धं बजेट तिथेच कळेल. किंदळ, फणस, सागवान असेल तर टोक कापून जोड देता येतो, सगळी तुळई टाकायची गरज नाही, चांगला मेस्त असा जोड देतो की शोधून सापडत नाही.
मागच्या दोन खोल्या बसल्यात त्याची फार धास्ती घेऊ नका, फक्त छप्पर बसलंय की भिंतीचा माथा पण भिजून सुटलाय ते बघा. मातीच्या जोडाईला पाऊस वरून लागला की दोनचार पावसाळ्यांत भिंत पोटातून फुगते. हात लावून बघा, ओळंबा धरून बघा.
आणि राजांगण! तिथे चारी पाख्यांचं (छपराच्या उतारांचं) पाणी एकाच ठिकाणी पडतं आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. ते पाणी बाहेर जायला जमिनीखालून मोरी असते, बंद घरात ती मुळांनी आणि मातीने हमखास तुंबलेली असते. विहिरीचं पाणी काढून आठदहा बादल्या राजांगणात ओता आणि घराबाहेर जाऊन उभे राहा. पाणी बाहेर आलं तर उत्तम, नाही आलं तर ते जोत्यात मुरतंय, आणि तुम्ही सांगताय त्या ओलीचं एक कारण तिथेच असू शकेल. चारी कोपऱ्यांत दोन पाखी मिळतात तिथली पन्हळ पण बघा, वरचं लाकूड सगळ्यात आधी तिथेच कुजतं.

सांखळीचा इंजिनियर
ओलीबद्दल. पांढरी भुकटी म्हणजे क्षार. जमिनीतलं पाणी चिऱ्यातून वर चढतं, जुन्या घराला खाली ओल अडवणारा थर नसतो, ते पाणी पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जायचं. सिमेंट मारलं की ते आत कोंडतं आणि आणखी वर चढतं, मातीची जोडाई मऊ पडते. वॉटरप्रूफिंगवाला येऊन केमिकलचा कोट सुचवेल, तो लावू नका. सिमेंट हलक्या हाताने काढा, मशीन लावून ठोकू नका नाहीतर चिऱ्याचे टवके निघतात, एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी सुकू द्या आणि मग चुन्याचा गिलावा. बाहेर रस्ता किंवा अंगण भर घालून जोत्याच्या वर आलंय का तेही बघा, आलं असेल तर ती माती काढल्याशिवाय बाकीचं सगळं फुकट.
बाबांच्या स्लॅबबद्दल स्पष्ट बोलतो. मातीच्या जोडाईच्या भिंतींवर स्लॅब टाकायचा नाही, त्या भिंती कौलांच्या वजनाच्या हिशेबाने बांधलेल्या असतात. बाथरूम घराला लागून मागे वेगळं बांधा, त्याची पाइपलाइन जुन्या भिंतीत खोदू नका. सोक पिट (शोषखड्डा) विहिरीपासून जेवढा लांब जाईल तेवढा न्या.
पैशाचं म्हणाल तर बँकेला आधी विचारा. बँकेचा माणूस येतो तो बहुतेक जमिनीचीच किंमत धरतो, मातीच्या घराला फारसं काही धरत नाही, त्यामुळे लोन वाटतं त्यापेक्षा कमी बसतं. तुम्ही पण भाव तसाच करा, जमिनीचा चालू दर धरा आणि छपराच्या कामाचं एस्टिमेट त्यातून वजा मागा. जुन्या खांबांचे आणि दारांचे वेगळे पैसे ब्रोकर सांगत असेल तर सेल डीडमध्ये ते सगळं लिहून घ्या, नाहीतर व्यवहार होईपर्यंत दारं-खिडक्या गायब होतात, हे मी आमच्याच भागात बघितलंय.

पर्वरीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. टोकन आज थांबवलं, ब्रोकर जरा रागावला. इथे राहणाऱ्या भावाला फोन केला, इन्व्हेंटरी आजोबांच्या वेळची झालीय, वडिलांची झालेलीच नाही असं तो म्हणाला. म्हणजे आता? आणि घर पाऊस सुरू व्हायच्या आत घ्यावं की नंतर?

म्हापशाची वकील
म्हणजे त्यांना वडिलांची इन्व्हेंटरी आधी करू द्या किंवा सगळ्या वारसांनी जोडीदारांसकट विक्रीखतावर सही करू द्या. वारस कोण कोण हे स्पेशल नोटरीसमोरच्या वारस-दाखल्याने सिद्ध झालेलं हवं. अग्रीमेंट करायचंच झालं तर ते या अटीवर करा आणि रक्कम अगदी थोडी ठेवा. जो भाऊ इथे आहे त्याच्याशी सरळ बोलत राहा, बरेचदा घरच्यांनाही ते घर पडू नये असंच वाटत असतं, फक्त पुढाकार कुणी घेत नाही.

कौलारू
कागदाला वेळ लागणारच आहे तर तेवढ्यात पाऊस बघून घ्या. जुलैत भर पावसात दोन तास त्या घरात थांबा, कुठून गळतं, राजांगण किती वेळाने रिकामं होतं सगळं दिसेल. आताच भावाची परवानगी काढून बसलेल्या दोन खोल्यांच्या भिंतींच्या माथ्यावर ताडपत्री बांधा, खर्च फार नाही आणि भिंती वाचतील, व्यवहार झाला नाही तरी घर वाचेल. छप्पर उघडायचं ते दिवाळीनंतर, आणि मे संपायच्या आत शेवटचं कौल बसलं पाहिजे अशा हिशेबाने मेस्ताला आत्ताच सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत. कौलं उतरवताना धड असलेली वेगळी रचा, 100 चौरस फुटाला साधारण 150 लागतात, जुनी चांगली भाजलेली असतील तर बरीचशी परत वापरता येतील.