वाटीखालचा टेंडन काढलेल्या जागी गुडघा दुखतो : व्यायाम वाढवावा की थांबवावा?

नमस्कार,

आम्ही बडोद्याचे. माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीचे उजव्या गुडघ्यातले एसीएल लिगामेंट (मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा पट्टा) खो-खोच्या सरावात पळताना एकदम दिशा बदलल्याने तुटले. दिवाळीनंतर दुर्बिणीने शस्त्रक्रिया करून ते नव्याने बसवले, त्याला आता आठेक महिने होत आले. नव्या लिगामेंटसाठी तिच्याच गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनचा (वाटीला नडगीशी जोडणाऱ्या जाड पट्ट्याचा) मधला एक तृतीयांश भाग, सुमारे १० मिलिमीटर रुंदीचा, एका टोकाला वाटीचा आणि दुसऱ्या टोकाला नडगीचा हाडाचा तुकडा ठेवून काढला आहे. हाड हाडाला लवकर जुळते आणि वेगाने पळणाऱ्या मुलीच्या मांडीमागचे हॅमस्ट्रिंग स्नायू शाबूत राहिलेले बरे, असे डॉक्टरांनी तेव्हा समजावले होते. ते आम्हाला पटले होते आणि आजही त्याबद्दल तक्रार नाही.

गुडघा आता निसटत नाही, सूजही नाही. डॉक्टरांनी तपासले तेव्हा लिगामेंट घट्ट लागले. दुखते ते वाटीच्या खालच्या टोकाशी, म्हणजे जिथून टेंडन घेतला नेमके तिथे : जिना उतरताना, बराच वेळ बसून उठल्यावर पहिल्या काही पावलांना, आणि सर्वात जास्त गुडघा जमिनीला टेकवल्यावर. देवापुढे गुडघे टेकून नमस्कार करणेही ती टाळते. खो-खोत तर चौकोनात उकिडवे बसायचे असते आणि सूर मारला की गुडघे मातीवर आपटतात, त्यामुळे तिच्यासाठी ही किरकोळ बाब नाही. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला त्वचा बधिर आहे आणि तिथे हात लावला की मुंग्या येतात. चिरा देताना त्वचेच्या नसेची बारीक फांदी दुखावते, त्यामुळे असे होते, असे कळले.

अडचण सल्ल्यांची आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, टेंडनवर भार हळूहळू वाढवत न्यायचा. भिंतीला पाठ टेकून बसणे आणि लेग प्रेस (यंत्रावर बसून पायांनी वजन ढकलणे) संथपणे करायचे. दहापैकी तीन-चार इतके दुखले तरी चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत झाले पाहिजे. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, दुखते तर पायाला विश्रांती द्या, तेल लावा, नी-कॅप घाला. मला फिजिओथेरपिस्टचे म्हणणे अधिक बरोबर वाटते, कारण परीक्षेच्या दिवसांत व्यायाम सुटला तेव्हा दुखणे कमी न होता वाढलेच होते. उजव्या मांडीचा घेरही अजून डावीपेक्षा कमी दिसतो.

तरी एक शंका राहते. पालथे झोपून पावले पलंगाबाहेर सोडली की तिची उजवी टाच डावीपेक्षा किंचित वर राहते, म्हणजे गुडघा पूर्ण सरळ होत नसावा. पाय पूर्ण सरळ न होणे हेही गुडघ्याच्या पुढच्या भागातल्या दुखण्याचे कारण असते, आणि कधी ग्राफ्टच्या, म्हणजे बसवलेल्या नव्या लिगामेंटच्या, पुढे व्रणाच्या पेशींची गाठ होऊन पाय सरळ व्हायला अडते, असे वाचले आहे. तसे असेल तर केवळ टेंडनचे व्यायाम करत राहणे पुरेसे ठरणार नाही.

ज्यांनी याच प्रकारचा ग्राफ्ट घेतला आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया सांगावे : टेंडन काढलेल्या जागेचे दुखणे आणि पाय सरळ न होण्यामुळे होणारे दुखणे यांतला फरक घरी कसा ओळखायचा? पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे एमआरआयचा विषय काढावा का? गुडघा टेकवण्याची सवय परत लावण्यासाठी आधी जाड गादीवर, मग सतरंजीवर, असे क्रमाने केल्याचा कोणाला उपयोग झाला का, आणि किती महिन्यांनी? खेळात परतण्याची घाई नाही; नऊ महिने पूर्ण झाल्याशिवाय आणि उजव्या पायाची ताकद डाव्याच्या किमान ९० टक्के भरल्याशिवाय मैदानात उतरायचे नाही, हे तिने स्वतःच मान्य केले आहे. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट घेतलेल्यांचे अनुभवही अवश्य लिहावेत, फक्त तसा स्पष्ट उल्लेख करावा, कारण त्यांचे दुखणे मांडीच्या मागे असते आणि व्यायामाचा क्रमही वेगळा असतो.